वाचकांचे प्रश्न : छोट्या महाविद्यालयाचे दप्तर

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा येत राहिला. तालुक्याच्या गावी साठच्या दशकात निघालेली महाविद्यालये आता हीरक महोत्सवाच्या उंबरठ्यावर आहेत. स्मरणिका काढायला बसल्यावर जुने कागद कुठे आहेत आणि त्यांचे काय करायचे, हा प्रश्न तिथे उभा राहतो. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची व त्यांच्या संस्थांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाला लवकरच साठ वर्षे पूर्ण होतील. संस्थेने ‘अभिलेखागार’ नावाचे एक दालन करायचे ठरवले आहे. जिन्याखालच्या खोलीत चार लाकडी कपाटे, काही पत्र्याच्या ट्रंका आणि कापडात बांधलेली वीस-पंचवीस गाठोडी आहेत. कार्यालय अधीक्षकांच्या मते त्यातले बरेचसे रद्दीत देण्याजोगे आहे. छायाचित्रे, मानपत्रे आणि वार्षिकांक निवडून काचेच्या कपाटात मांडावेत, असे प्राचार्य म्हणतात. काम माझ्याकडे आले आहे. मी सुरुवात कुठून करू? — एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा

उत्तर : आपण त्या खोलीत एक वही, एक पेन्सिल आणि एक मोबाइल घेऊन जावे आणि पहिले दोन-तीन दिवस एकही कागद जागेवरून हलवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कोणत्या कपाटाच्या कोणत्या खणात काय आहे, कोणते गाठोडे कशाशेजारी ठेवले आहे, गाठोड्यावर चिठ्ठी असल्यास तिच्यावर काय लिहिले आहे, हे जसेच्या तसे उतरवून घ्यावे आणि प्रत्येक खणाचे छायाचित्र काढावे. एवढे झाल्यानंतरच झाडू आत न्यावा.

हे मी अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाने मला त्यांचा संग्रह पाहण्यासाठी बोलावले होते. मी पोहोचण्याच्या आदल्या आठवड्यात, पाहुण्यांना सोयीचे जावे या चांगल्या हेतूने, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी सगळी गाठोडी सोडून कागद सालवार लावून ठेवले होते. मुलांनी फार कष्ट घेतले होते, खोली स्वच्छ होती, आणि संग्रह मात्र निम्म्याने मुका झाला होता. एखादे सहीविना पत्र कोणत्या फाइलमधले, त्याच्यामागे कोणता ठराव आणि पुढे कोणते उत्तर होते, हे त्या कागदाच्या शेजाऱ्यांवरून कळत असते, आणि ते शेजारीच आता वेगळे झाले होते. इमारत निधीच्या हिशेबातला एक कागद वसतिगृहाच्या कागदांत जाऊन पडला की तो पुन्हा आपल्या घरी आणणे जवळजवळ अशक्य असते.

ज्या कार्यालयाने कागद निर्माण केले त्याच्या नावाने ते एकत्र ठेवावेत, हा नियम फ्रान्समध्ये १८४१ साली अधिकृतपणे घालून देण्यात आला आणि कागदांचा मूळ क्रम मोडू नये हे तत्त्व १८९८ च्या डच अभिलेखपालांच्या प्रसिद्ध पुस्तिकेने पक्के केले. आपल्याकडच्या जुन्या कारकुनांना मात्र ते पुस्तकावाचून ठाऊक असावे. एका कामाचे कागद एका रुमालात बांधायचे आणि वर चिठ्ठी लावायची, ही पद्धत पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही दिसते. आपल्या जिन्याखालची गाठोडी बांधणारा हेडक्लार्क त्याच परंपरेतला माणूस होता, म्हणून त्याच्या गाठींना मान द्यावा.

आता प्राचार्यांच्या सूचनेविषयी. काचेच्या कपाटाला माझा विरोध नाही, परंतु मानपत्रे आणि उद्घाटनाची छायाचित्रे यांतून कोण पाहुणे आले होते एवढेच कळते. महाविद्यालय कसे चालले हे कळण्यासाठी नियामक मंडळाची प्रोसीडिंग बुके (सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या), आवक-जावक नोंदवह्या, जनरल रजिस्टर (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची मूळ नोंदवही), फी रजिस्टर, पगारपत्रके, देणगीच्या पावत्यांची स्थळप्रत पुस्तके, वसतिगृहाच्या खाणावळीचे हिशेब, डेड स्टॉक रजिस्टर (फर्निचर, उपकरणे अशा टिकाऊ वस्तूंची नोंदवही), ग्रंथालयाची दाखल नोंदवही आणि विद्यापीठाशी झालेला संलग्नतेचा पत्रव्यवहार हे सगळे लागते. पश्चिम महाराष्ट्रातल्या किती तरी महाविद्यालयांच्या इमारती साखर कारखान्याने सभासदांच्या ऊसबिलातून टनामागे कापून दिलेल्या पैशांतून उभ्या राहिल्या आहेत. कोनशिलेवर एका मंत्र्यांचे नाव असते, पण ते शेकडो सभासद केवळ हिशेबाच्या वहीत सापडतात. ‘कमवा आणि शिका’ योजनेचेही तसेच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, त्यामागे ही दृष्टी होती हे सर्वांना पाठ असते. आपल्या महाविद्यालयात ही योजना असेल, तर कोणत्या मुलाने कोणत्या दिवशी शेतात, प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात किती तास काम केले, ही हजेरीची वही कोणत्याही भाषणापेक्षा मोलाची आहे.

एका फी रजिस्टरचे पान मला नेहमी आठवते. नाव, वर्ग, सत्राची फी आणि भरणा हे रकाने निळ्या शाईत होते आणि शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात एका मुलाच्या नावापुढे लाल शाईने ‘वडील आजारी, जानेवारीअखेर मुदत’ असे लिहिले होते. त्याखाली निराळ्या, घाईच्या अक्षरात, मार्चमधली तारीख घालून ‘पूर्ण जमा’ अशी नोंद होती. मुदत उलटून दोन महिने झाले तरी नाव कमी केलेले नव्हते. त्या मुलाला परीक्षेला बसू देणारा कोणीतरी त्या कार्यालयात होता, ही गोष्ट त्या संस्थेच्या कोणत्याही अहवालात नाही.

अधीक्षकांचा मुद्दाही मी उडवून लावणार नाही, कारण सगळेच ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करून अ वर्ग कायम, ब वर्ग तीस वर्षे आणि बाकीचे त्याहून कमी मुदतीसाठी ठेवण्याची रीत आहे, तिचा आधार घेऊन आपल्या महाविद्यालयाचा एक तक्ता तयार करावा आणि तो नियामक मंडळाकडून ठरावाने मंजूर करून घ्यावा. कोऱ्या उत्तरपत्रिका, परिपत्रकांच्या दहा-दहा प्रती, लेखापरीक्षण होऊन गेलेली किरकोळ खरेदीची व्हाउचरे जाऊ देण्यास हरकत नाही. पण जे जाईल त्याची यादी राहिली पाहिजे आणि त्या यादीवर दोघांच्या सह्या असल्या पाहिजेत. अनुदानित महाविद्यालय माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येते, आणि अभिलेखांची सूची करून ते नीट लावून ठेवण्याचे कर्तव्य २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ४ नेच घातले आहे, हे अधीक्षकांच्या नजरेस आणून द्यावे. शिवाय जात पडताळणीसाठी आजोबांच्या नावाची नोंद शोधत येणारी माणसे त्यांनीही खिडकीपाशी पाहिली असतील. १९६१ किंवा १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो तेव्हा जुने जनरल रजिस्टर हाच एखाद्या कुटुंबाचा आधार असतो. ते रद्दीत देण्याचा अधिकार खरे तर कोणालाच नाही.

प्रश्न : माझे पणजोबा १८९० च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत होते असे आमच्या घरात सांगतात. तिथे जाऊन चौकशी करावी म्हटले तर आता ती संशोधन संस्था आहे असे कळले. जुन्या महाविद्यालयाचे कागद कुठे असतील? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपला प्रश्न एका कुटुंबापुरता असला तरी छोट्या महाविद्यालयाचा इतिहास किती ठिकाणी विखुरतो याचे डेक्कन कॉलेजसारखे उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यात, पेशव्यांच्या विश्रामबागवाड्यात, सरकारने एक संस्कृत पाठशाळा सुरू केली. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जाई तिच्यातलाच काही भाग या पाठशाळेकडे वळवण्यात आला होता. १८५१ मध्ये तिचे पूना कॉलेज झाले आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव आले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या आधाराने येरवड्याच्या माळावर बांधलेल्या नव्या इमारतीत ते १८६८ साली गेले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, राजवाडे असे विद्यार्थी आणि कीलहॉर्न, भांडारकर असे अध्यापक एकाच संस्थेच्या हजेरीपटांत येऊन गेले, आणि तरीही विद्यार्थिसंख्येच्या मानाने ते आजच्या एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयापेक्षा लहानच होते. काटकसरीचे कारण सांगून सरकारने ते १९३४ मध्ये बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले.

आता या प्रवासात कागदांचे काय झाले असेल ते पाहा. महाविद्यालय सरकारी होते, म्हणून नेमणुका, शिष्यवृत्त्या, इमारतीचा खर्च यांसंबंधीचा पत्रव्यवहार शिक्षण खात्याच्या दप्तरात गेला, आणि ते दप्तर मुंबईत, दीर्घकाळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राहिलेल्या राज्य पुराभिलेखागारात आहे. मुंबई सरकारच्या कामकाजाच्या प्रती लंडनला जात, त्या आता ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या संग्रहात आहेत. परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या होत्या, त्यामुळे पदवीधरांच्या याद्या विद्यापीठाच्या छापील कॅलेंडरांत, म्हणजे वार्षिक माहितीपुस्तकांत, मिळतात. कॉलेजात ठेवलेला सरकारी हस्तलिखितांचा मोठा संग्रह १९१८ मध्ये, नुकत्याच स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेकडे सोपवण्यात आला. उलट, साताऱ्याचे इतिहाससंशोधक पारसनीस यांनी जमवलेली ऐतिहासिक कागदपत्रे व चित्रे १९३९ मध्ये डेक्कन कॉलेजात आली. म्हणजे एका संस्थेचे जे होते ते बाहेर गेले, जे तिचे नव्हते ते आत आले, आणि दोन्ही तिच्या इतिहासाचा भाग झाले.

आपण क्रम असा ठेवावा. पणजोबांनी पदवी घेतली असेल तर १८८५ ते १८९५ या वर्षांची मुंबई विद्यापीठाची कॅलेंडरे आधी पाहावीत, कारण त्यांची पाने चाळणे सोपे आहे आणि काही अंक संगणकीय प्रतींच्या रूपात उपलब्ध आहेत. तिथे नाव सापडल्यास वर्ष पक्के होते, आणि मग त्या वर्षाच्या शिक्षण खात्याच्या खंडांची मागणी पुराभिलेखागारात करता येते. नाव शोधताना ‘गोविंद वासुदेव’ अशा केवळ दोन नावांनीही नोंद असू शकते आणि इंग्रजी वर्णलेखन आजच्यासारखे नसते हे ध्यानात ठेवावे. पदवी पुरी झाली नसेल तर शोध कठीण आहे. अशा वेळी शिष्यवृत्तीची नोंद, त्या काळच्या वर्तमानपत्रांतले परीक्षांचे निकाल, आणि हे फार जण विसरतात, घरातच माळ्यावर असलेली पुस्तके, एवढेच मार्ग उरतात. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर नाव, वर्ग आणि साल लिहिण्याची त्या पिढीची सवय होती.

प्रश्न : आमचे महाविद्यालय मराठवाड्यात १९५० नंतर लगेचच सुरू झाले. स्थापनेच्या वेळचे संलग्नतेचे पत्र आमच्याकडे नाही, आणि आमच्या आजच्या विद्यापीठातही ते मिळाले नाही. — एक प्राध्यापक, नांदेड जिल्हा

उत्तर : ते आजच्या विद्यापीठात मिळण्याचा संभवच नाही. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ चे, त्याआधीचे औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि १९५८ पूर्वी इथली महाविद्यालये उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती. तेव्हा १९५८ पर्यंतचा पत्रव्यवहार हैदराबादला, उस्मानिया विद्यापीठात आणि आताच्या तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात शोधावा लागेल. शोधायला जाताना उर्दू वाचणारी व्यक्ती बरोबर असावी, कारण १९४८ पर्यंत उस्मानियाची शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि तेथील कार्यालयातली उर्दूची सवय त्यानंतर लगेच मोडली असेल असे समजण्याचे कारण नाही.

हाच प्रश्न इतर भागांतही वेगळ्या रूपाने येतो. सोलापुरात १९४० साली निघालेले दयानंद महाविद्यालय मुंबई विद्यापीठाकडून पुणे विद्यापीठाकडे, तिथून १९६२ नंतर शिवाजी विद्यापीठाकडे आणि २००४ पासून सोलापूर विद्यापीठाकडे आले, म्हणजे इमारत जागेवर असूनही त्याच्या नोंदी चार शहरांत गेल्या. गोव्यातली १९६२ पासूनची महाविद्यालये १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबई विद्यापीठाखाली होती. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या संग्रहाच्या पहिल्या पानावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आपण कोणत्या विद्यापीठाशी संलग्न होतो एवढा एक तक्ता लिहून ठेवला, तरी पुढच्या शोधकाचे कित्येक महिने वाचतील.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळा चार महिने आणि भिंतीला ओल बारा महिने असते. जुन्या वह्यांना कसर लागली आहे. डांबराच्या गोळ्या ठेवतो, तरी उपयोग होत नाही. फाटलेली पाने सेलोटेपने चिकटवली आहेत. काही महत्त्वाचे कागद लॅमिनेट करून घ्यावेत असा विचार आहे. २०२१ च्या पुरात तळमजल्यावरच्या काही वह्या भिजल्या होत्या, त्या तशाच सुकवून ठेवल्या आहेत. — कार्यालयीन कर्मचारी, चिपळूण

उत्तर : लॅमिनेशन कृपया करू नका. बाजारातले गरम प्लॅस्टिक कागदाच्या तंतूंत वितळून बसते आणि ते पुन्हा काढता येत नाही. कागदातले आम्ल आत कोंडले जाते आणि कागद पारदर्शक पाकिटातच पिवळा पडून ठिसूळ होत जातो. सेलोटेपचेही तेच. काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तिचा तपकिरी चिकट डाग अक्षरांवर कायमचा राहतो. लावलेला टेप ओढून काढू नये, तो काम जाणणाऱ्याकडूनच काढून घ्यावा. नवीन फाटलेल्या पानासाठी पातळ जपानी किंवा नेपाळी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची किंवा मैद्याची पातळ, ताजी खळ वापरावी. खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत होती, ती आता टाळावी. तेवढेही जमणार नसेल तर फाटलेले पान स्वच्छ कागदाच्या घडीत सुटे ठेवणे हाच उत्तम उपाय आहे.

कसर ओलीवर आणि खळीवर जगते, त्यामुळे मूळ दुखणे भिंत हे आहे. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे, खालचा खण जमिनीपासून वीतभर वर असावा, आणि कोरड्या दिवशी दारे-खिडक्या उघडून पंखा चालू ठेवावा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. ती मोजण्याचे लहान यंत्र आता अगदी स्वस्तात मिळते, ते आधी घ्यावे. डांबराच्या गोळ्यांचा वास माणसाला बाधतो आणि कसरीची अंडी त्याने मरत नाहीत. वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत घालून खणाच्या कोपऱ्यात ठेवण्यास हरकत नाही, मात्र तो कागदाला लागू देऊ नये आणि त्याने कीड मरते असेही मानू नये. तो कीड लांब ठेवतो, मारत नाही. लाकडी कपाटाला वाळवी असल्यास त्यातल्या वह्या आधी लोखंडी कपाटात न्याव्यात. नेताना कोणती वही कोणत्या खणात होती ते लिहून घ्यावे, हे पहिल्या उत्तरात सांगितलेच आहे.

पुरात भिजलेल्या वह्यांविषयी वाचून वाईट वाटले. सुकवून ठेवलेल्या वह्यांत काळी-हिरवी बुरशी असेल तर ती घरातल्या ब्रशने झटकू नका, मास्क आणि हातमोजे घालून, खोलीबाहेर, अगदी मऊ ब्रशने एकेक पान साफ करावे लागते. पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. भिजलेल्या कागदाला बुरशी धरायला साधारण ४८ तास लागतात. तेवढ्या वेळात सगळे सुकवणे शक्य नसेल तर वह्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून गोठवाव्यात, म्हणजे नुकसान थांबते आणि सवडीने थोडे थोडे सुकवता येते. कोकणात मासळीची शीतगृहे जवळपास असतात, तिथल्या व्यवस्थापकांशी आजच, पाऊस नसताना, बोलून ठेवावे. गुळगुळीत कागदाचे वार्षिकांक मात्र ओले असतानाच पाने सुटी करावे लागतात, एकदा चिकटून वाळले की त्यांचा दगड होतो. आणि सर्वांत आधी, जनरल रजिस्टर तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर न्यावे.

प्रश्न : आम्ही सगळी जुनी रजिस्टरे मोबाइलच्या अ‍ॅपने स्कॅन केली आहेत. आता मूळ वह्या ठेवण्याची गरज आहे का? आणखी एक अडचण म्हणजे १९९७ ते २००८ चे वार्षिकांक सीडीवर आहेत, पण फाइल उघडली की मराठी मजकुराऐवजी भलतीच अक्षरे दिसतात. — संगणक विभाग, पुणे जिल्हा

उत्तर : मूळ वह्या ठेवण्याची गरज आहे. मोबाइलचे अ‍ॅप प्रतिमा दाबून लहान करते, सावल्या काढून टाकताना फिकट पेन्सिलीच्या नोंदीही काढून टाकते आणि लाल व निळ्या शाईतला फरक पुसते. मूळ वही नसेल तर चूक झाली हे कळण्याचासुद्धा मार्ग उरत नाही. काम पुन्हा करणार असाल तर किमान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) रंगीत प्रत घ्यावी, कोणत्याही सुधारणेशिवाय टिफ या प्रतिमेचा तपशील न गमावणाऱ्या स्वरूपात एक जतनप्रत ठेवावी आणि रोजच्या वापरासाठी तिच्यावरून पीडीएफ करावी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक महाविद्यालयाच्या आवाराबाहेर, हा जगभर पाळला जाणारा साधा नियम आहे. वर्षातून एकदा प्रती उघडून पाहण्याची जबाबदारी कोणा एकाच्या नावाने लिहून ठेवावी.

आपली दुसरी अडचण मला अधिक चिंतेची वाटते, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांची ती अडचण आहे, फक्त अजून कोणी सीडी लावून पाहिलेली नाही. त्या काळात वार्षिकांक पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या फॉन्टमध्ये जुळवले जात. त्या फॉन्टमध्ये ‘क’ हे अक्षर युनिकोडमधला (सर्व संगणकांना समजणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतातला) ‘क’ नसून एखाद्या रोमन अक्षराच्या जागी बसवलेले चित्र असते, म्हणून तो फॉन्ट संगणकात नसेल तर मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर नष्ट झालेला नाही, तो फक्त कुलूपबंद आहे. आधी सीडीवरच्या फाइली, फॉन्टच्या फाइलींसह, आजच दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, कारण घरी लिहिलेल्या सीडी दहा-पंधरा वर्षांत वाचेनाशा होऊ शकतात. मग ज्या छापखान्यात अंक जुळवला त्यांच्याकडे जुना संगणक आणि ते सॉफ्टवेअर अजून आहे का ते विचारावे. अनेक छापखान्यांत कोपऱ्यात तो असतो. तिथे फाइल उघडून, फॉन्ट आत समाविष्ट करून पीडीएफ काढावी, आणि मग मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. बदलताना जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात, म्हणून छापील अंकाशी ताडून पाहणे टळत नाही. छापील अंकाच्या किमान दोन प्रती तरी जपाव्यात, हे यावरून आपोआपच येते.

प्रश्न : जुनी रजिस्टरे आणि वार्षिकांक सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवले तर चालेल का? — प्राचार्य, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : वार्षिकांक आणि रजिस्टरे यांचा विचार वेगळा करावा. वार्षिकांक मुळात प्रसिद्धच झालेले असतात, परंतु भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो आणि विद्यार्थ्याने लिहिलेली कविता त्या विद्यार्थ्याची असते. त्यामुळे माजी विद्यार्थ्यांना जाहीर आवाहन करून, कोणी हरकत घेतल्यास तो मजकूर काढण्याची तयारी ठेवून पुढे जावे. रजिस्टरांत जात, उत्पन्न, फीमाफी, शिक्षा, आजार अशा नोंदी असतात. त्यांतली माणसे किंवा त्यांची मुले गावातच राहतात. ती वही संशोधकाला वाचनकक्षात, अर्ज घेऊन दाखवावी, खुल्या संकेतस्थळावर ठेवू नये.

प्रश्न : आमच्याकडे तीनशेच्या आसपास समूहछायाचित्रे आहेत. बहुतेकांच्या मागे नाव नाही, सालही नाही. — माजी विद्यार्थी संघ, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : साल काही अंशी छायाचित्रच सांगते. पाटीवर ‘ज्युनिअर कॉलेज’ असे असेल तर ते १९७५ च्या आधीचे असणार नाही, कारण दहावीची पहिली परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली आणि त्यानंतर अकरावी महाविद्यालयांत आली. ‘इंटर’ किंवा ‘प्री-डिग्री’ असे शब्द असतील तर ते दहा-अधिक-दोन येण्यापूर्वीच्या जुन्या आकृतिबंधातले. मागे अर्धवट बांधलेली इमारत दिसत असेल तर प्रोसीडिंग बुकातल्या बांधकामाच्या ठरावांशी ताडून वर्ष ठरवता येते.

नावांसाठी मात्र माणसांकडेच जावे लागेल, आणि आधी प्राध्यापकांकडे न जाता जुन्या शिपायांकडे आणि प्रयोगशाळा परिचरांकडे जा. प्राध्यापकांना आपला विभाग आठवतो. तीस-पस्तीस वर्षे घंटा दिलेल्या माणसाला सगळे महाविद्यालय आठवते. एका गावी असे एक निवृत्त काका मी पाहिले आहेत. त्यांनी चष्मा पुसून छायाचित्र खिडकीच्या उजेडात धरले, तिसऱ्या रांगेतल्या एका मुलावर बोट ठेवले आणि म्हणाले, “हा आपला नव्हं, हा पाहुणा. भावाला भेटायला आला होता, फोटोत उभा राहिला.” दीड-दोन तासांत त्यांनी चाळीसांपैकी एकतीस जणांची नावे सांगितली, कोणाचे गाव, कोणाचे दुकान, कोण आता नाही, हेही सांगितले. हे सगळे बोलणे त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करावे, कारण नावांच्या यादीत न मावणारे बरेच काही त्यात असते. ओळख पटली की छायाचित्राच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने आणि हलक्या हाताने छायाचित्राचा क्रमांक घालावा. बॉलपेन उमटते आणि मार्कर पाझरतो. त्याच क्रमांकाखाली नोंदवहीत डावीकडून उजवीकडे रांगेप्रमाणे नावे लिहावीत, ज्यांच्याविषयी शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह घालावे, आणि कोणी व कोणत्या तारखेला ओळखले तेही शेजारी लिहून ठेवावे.